५१२ घरे, ५३६ बाइट

दहा घरांच्या ॲरेत क्रमांक ० ते ९. नवशिका ॲप-प्रोग्रामर हमखास १० क्रमांकाचे घर मागतो, आणि सी भाषा त्याला अडवीत नाही.

हे अटळ नव्हते. १९६०च्या दशकारंभी टोनी होअर यांनी इंग्लंडात इलियट संगणकांसाठी अल्गोल ६०चा कंपायलर रचला. प्रोग्राम चालू असताना प्रत्येक निर्देशांक तपासला जाई. वेगासाठी ही तपासणी बंद करण्याची सोय हवी का, असे पुढे ग्राहकांना विचारले असता त्यांनी एकमुखाने नकार दिला. आपल्या चुका किती वारंवार घडतात, हे त्यांनी अनुभवले होते.

बेल प्रयोगशाळेत जन्मलेल्या सीने मात्र हा पहारा ठेवलाच नाही. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेलचा विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने इंटरनेटवर एक ‘वर्म’ सोडला. त्याच्या शिरकावाच्या वाटांपैकी एक होती फिंगर सेवा. तेथील ५१२ बाइटांच्या ॲरेत त्याने ५३६ बाइट ओतले. मजकूर घेणारे ‘गेट्स’ फंक्शन (बिल गेट्स यांच्याशी संबंध नाही) लांबी विचारतच नसे. जास्तीचे २४ बाइट स्टॅकवरील परतीच्या पत्त्यावर सांडले आणि व्हॅक्स यंत्रे परक्याच्या आज्ञा पाळू लागली.

मॉरिसला १९९०मध्ये शिक्षा झाली. ‘गेट्स’ सीच्या प्रमाण आवृत्तीतून हटले, तेव्हा २०११ साल उजाडले होते.