वीज गेली तरी फाइल कशी वाचते?

छत्तीसगडमधील भिलाई पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये सुरू झाली. झोतभट्टी रात्रंदिवस चालते, माणसे मात्र पाळीनुसार बदलतात. आधीच्या पाळीचे कोणते काम अपुरे राहिले, हे नव्या पाळीला नोंदवहीवरून कळते. संगणकात हेच काम फाइल सिस्टीमची 'जर्नल' ही नोंदवही करते.

हार्ड डिस्कवर कोणती फाइल कोठे आहे, याचा हिशेब फाइल सिस्टीम ठेवते. एक फाइल साठवताना मजकूर, त्याचा आकार आणि मोकळ्या जागेची नोंद असे अनेक बदल होतात. मध्येच वीज गेल्यास हा हिशेब जुळत नाही. लिनक्सच्या जुन्या 'ईएक्सटी२' मध्ये अशा वेळी संपूर्ण डिस्क तपासावी लागे.

नोंदवहीची सोय

२००१ मध्ये लिनक्समध्ये आलेल्या 'ईएक्सटी३' ने जर्नलची सोय केली. होऊ घातलेला बदल आधी जर्नलमध्ये लिहिला जातो. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर पूर्ण नोंदी अमलात येतात, अपुऱ्या सोडून दिल्या जातात. २००८ मध्ये 'ईएक्सटी४' स्थिरावली. मात्र सर्वसाधारण मांडणीत जर्नल हिशेबाचेच रक्षण करते. शेवटच्या काही क्षणांतील मजकूर गमावला जाऊ शकतो.

जुने न पुसता नवे

सन कंपनीने २००५ मध्ये खुली केलेली 'झेडएफएस' आणि २००९ मध्ये लिनक्समध्ये दाखल झालेली 'बीटीआरएफएस' यांची रीत वेगळी आहे. बदललेला मजकूर जुन्यावर न लिहिता अन्यत्र लिहिला जातो. प्रत्येक तुकड्यासोबत पडताळणीची संख्या असल्याने नकळत झालेला बिघाड लक्षात येतो. दुसरी प्रत असल्यास तो दुरुस्तही होतो. एखाद्या क्षणाची स्थिती जपणारे 'स्नॅपशॉट' घेता येतात.

पुण्यात मुख्यालय असलेल्या 'सी-डॅक' ने विकसित केलेली 'बॉस' ही भारतीय कार्यप्रणाली डेबियन लिनक्सवर आधारित आहे. त्यामुळे लिनक्सच्या या सोयी तिच्याही पायाशी आहेत.

तथापि, स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो त्याच डिस्कवर असतो. डिस्क निकामी झाली, तर मूळ फाइल आणि स्नॅपशॉट दोन्ही जातात. महत्त्वाच्या माहितीची आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो वेगळ्या ठिकाणी ठेवणे, याला कोणत्याही फाइल सिस्टीममध्ये पर्याय नाही.