नकाशा जोडला, माणसं कधी जोडणार?

१७ सप्टेंबरला सेलूत मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन आटोपून आम्ही चहाला बसलो होतो. एका तरुण कार्यकर्त्यानं विचारलं, "दादा, भारतानं हैदराबाद घेतलं, तसंच चीननं तैवान घेतलं तर चुकलं कुठं?"

उत्तर आपल्याच इतिहासात आहे. सेलू तेव्हा निजामाच्या राज्यात होतं. जून १९४७ मध्ये निजामानं स्वतंत्र राहण्याचं फर्मान काढलं. आपल्यातलेही काही पुढारी त्याच्या बाजूला गेले. बी. एस. व्यंकटराव मंत्री झाले. श्यामसुंदर १९४८ मध्ये हैदराबादच्या शिष्टमंडळातून संयुक्त राष्ट्रांत गेले. सवर्णांच्या सत्तेची त्यांची भीती खोटी नव्हती. तरीही निजामाला साथ देऊ नका, असं बाबासाहेबांनी बजावलं. संस्थानांच्या स्वातंत्र्याला त्यांचा आक्षेप कायद्याचा होता, तसाच प्रजेच्या हक्काचाही होता. प्रजेला जबाबदार राज्यकारभार दिल्याशिवाय संयुक्त राष्ट्रं संस्थानांना मदत करणार नाहीत, असं त्यांनी जून १९४७ मध्येच सांगितलं होतं.

हीच कसोटी तैवानला लावू. १८९५ मध्ये चीनच्या सम्राटानं हे बेट जपानला दिलं. १९४५ मध्ये तिथं चँग कै-शेकचं सरकार आलं. १९४७ मध्ये त्यानं हजारो तैवानी माणसं मारली. पुढं १९८७ पर्यंत लष्करी कायदा चालला. त्याविरुद्ध लढून लोकांनी १९९६ मध्ये आपला राष्ट्राध्यक्ष थेट मतदानानं निवडला. बीजिंगच्या कम्युनिस्ट सरकारनं तिथं एक दिवसही राज्य केलेलं नाही. निजामाच्या प्रजेला राज्यकर्ता निवडता येत नव्हता, तैवानच्या माणसाला येतो. फरक इथं आहे.

पण आपणही छाती फुगवू नये. पोलीस कारवाईनंतर २७ ते ४० हजार माणसं मारली गेली, असा अंदाज सुंदरलाल समितीनं दिला. मरणारे बहुतेक मुसलमान होते. झेंडावंदनाच्या भाषणात हे कुणी सांगत नाही.

आणि आपलं काय झालं? हजारो जातींत विभागलेले लोक राष्ट्र कसे होतील, असं बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत विचारलं. मराठवाडा भारतात आला पाच दिवसांत. त्याच मराठवाड्यातल्या विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव १९७८ मध्ये झाला, तर आपली घरं जाळली गेली. नाव लागायला १९९४ उजाडलं.

म्हणून 'ही भूमी आमची' असं कुणीही म्हणालं, बीजिंगमधून की दिल्लीतून, की आपण आधी विचारायचं: तिथल्या माणसाला विचारलं का?