पोलादपूरचा दगड आणि मांजराचं लिटर

भूशास्त्राच्या पुस्तकांत रायगड जिल्ह्यातल्या पोलादपूरचं नाव लाव्हाच्या थरांना दिलेलं आहे. सह्याद्री ज्या बेसाल्टचा बनला त्याचे शास्त्रज्ञांनी रासायनिक घडणीवरून गट पाडले. तेव्हा एका थरसमूहाला पोलादपूर, त्याच्या वरच्याला आंबेनळी आणि त्याच्याही वरच्याला महाबळेश्वर अशी नावं मिळाली. पोलादपुराहून महाबळेश्वरला निघालेली एसटी आंबेनळी घाट चढताना हे थर त्याच क्रमाने ओलांडते. वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका कालमापनानुसार डायनासोर नष्ट होण्याच्या थोडंच आधी जो लाव्हा उफाळला, तो याच पोलादपूर थरांचा.

मांजराच्या शौचाच्या, आपोआप साफ होणाऱ्या पेटीत, म्हणजे ऑटोमॅटिक लिटर बॉक्समध्ये, कोणतं लिटर घालावं, या अगदी घरगुती प्रश्नाची मुळं या कातळापर्यंत पोचतात.

महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर हा प्रश्न कधी उभाच राहिला नाही. मांजर परसात जातं, माती उकरतं, झाकतं. पावसाळ्यात बाहेर चिखल झाला की ते चुलीच्या राखेत नाहीतर पडवीतल्या तुसाच्या ढिगात सोय बघतं आणि घरच्या बाईची बोलणी खातं. तेच मांजर चाकरमान्यांबरोबर डोंबिवलीच्या तिसऱ्या मजल्यावर गेलं की माती विकत आणावी लागते.

विकतच्या मातीची कथा सगळीकडे एकाच ठिकाणी सुरू केली जाते. जानेवारी १९४७, अमेरिकेच्या मिशिगन राज्यातलं कॅसोपोलिस गाव. एका बाईचा वाळूचा ढीग गोठला होता. मांजरासाठी राख वापरून पाहिली, तर घरभर काळी पावलं उमटली. शेजारच्या एड लो नावाच्या तरुणाने तिला भट्टीत वाळवलेल्या मातीचे दाणे दिले. कारखान्यात सांडलेलं तेल टिपण्यासाठी तो ती माती विकत असे. इंग्रजीत जिला फुलर्स अर्थ म्हणतात ती ही माती. आपल्याकडे त्याच जातीची मुलतानी माती चेहऱ्याला लावतात. पुढे त्याने पाच पौंडांच्या पिशव्या ६५ सेंटला विकायला काढल्या आणि धंदा उभा राहिला.

लोने राखेची जागा मातीला दिली, याबद्दल वाद नाही. पण त्याला आजच्या यंत्रातल्या लिटरचा मूळपुरुष मानणं चूक आहे. त्याची माती ओल शोषून घेत असे, गोळा मात्र धरत नसे. काही दिवसांनी सगळं ओतून द्यायचं आणि नवं भरायचं, हीच रीत होती. अशी माती गोल फिरणाऱ्या यंत्रात घातली तर ओल दाण्यांमधून तळाशी उतरते. यंत्र फिरलं की कोरडे आणि ओले दाणे मिसळतात आणि चाळणीतून दोन्ही खाली गळतात. बाहेर टाकायला हाती काहीच लागत नाही. दाताळ्याने ओढणारी यंत्रं १९९० च्या दशकात आली, गोल फिरणारी २००० च्या सुमारास. ती चालतात ती एका गुणावर: भिजलेली माती आवळून घट्ट गोळा झाली पाहिजे आणि उरलेली सुटी राहिली पाहिजे.

हा गुण बेंटोनाइटचा. मांजरांच्या कितीतरी आधी तो तेलविहिरी खोदणाऱ्यांनी आणि ओतकाम करणाऱ्यांनी ओळखला होता. कोल्हापूरच्या फाउंड्रीत साच्याची वाळू धरून ठेवायला बेंटोनाइट लागतं, खोदकामात ड्रिलभोवतीचा चिखल दाट ठेवायला तेच. थॉमस नेल्सन या अमेरिकी जीवरसायनशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात ते मांजराच्या पेटीत आणलं. फिरत्या यंत्रातल्या लिटरचा खरा पूर्वज शोधायचा तर तो फाउंड्रीच्या साच्यात सापडतो, लोच्या पिशवीत नाही.

आता घाटाकडे वळू. बेंटोनाइटमधलं मुख्य खनिज मॉन्टमोरिलोनाइट. वहीच्या पानांसारखे त्याचे सूक्ष्म पापुद्रे एकावर एक रचलेले असतात आणि त्यांच्या फटींत सोडियम किंवा कॅल्शियम बसलेलं असतं. पाणी त्या फटींत शिरतं आणि पापुद्रे दूर सरकतात. सोडियम असेल तर ते फार दूर सरकतात, माती कित्येक पट फुगते आणि दाणे एकमेकांना चिकटतात. कॅल्शियम असेल तर फुगणं बेताचं आणि गोळा मऊ.

देशावरच्या काळ्या जमिनीत याच घराण्याची खनिजं आहेत. पावसात फुगणारी, उन्हाळ्यात हात जाईल अशा भेगा पडणारी ती जमीन बेसाल्टचीच लेक. मग पोलादपूरच्या उतारावर, त्याच दगडावर, माती तांबडी का? पावसामुळे. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. तीसेक किलोमीटरवरच्या वाईला हजाराच्या आत. सावित्रीच्या खोऱ्यात कोसळणारं पाणी दगडातलं सोडियम, कॅल्शियम आणि बरीचशी सिलिकाही धुऊन नेतं. मागे उरतं लोह आणि ॲल्युमिनियम, म्हणजे तांबडी माती आणि जांभा. कमी पावसात ही द्रव्यं जागेवर राहतात आणि फुगणारी माती तयार होते. दगड एक, पाऊस दोन तऱ्हांचा, म्हणून माती दोन कुळांची.

भारतातलं बरंचसं बेंटोनाइट कच्छचं आणि राजस्थानचं. कच्छमध्येही दख्खनचाच लाव्हा पसरलेला आहे आणि तिथले साठे त्याच्याशी निगडित आहेत. ते बनले कसे, यावर दोन मतं आहेत. एक म्हणतं, ज्वालामुखीची राख पाण्यात पडून बदलली, जशी ती अमेरिकेच्या वायोमिंगमध्ये बदलली. दुसरं म्हणतं, बेसाल्ट जागच्या जागी कुजला. राखेचं मत ऐकायला देखणं आहे, कारण चुलीच्या राखेनंतर पुन्हा राखच मांजराच्या कामी आली असं त्यातून निघतं. पण देशावरची काळी माती डोळ्यांसमोर असताना दुसरं मत हलकं मानता येत नाही. बेताच्या पावसात बेसाल्ट आपोआप फुगणारी माती बनतो, हे साताऱ्यापासून विदर्भापर्यंत दिसतंच. बहुधा कच्छमध्ये दोन्ही घडलं असावं, आणि कुजलेल्या बेसाल्टचा वाटा मोठा असावा. तसं असेल तर पिशवीतला तो करडा दाणा पोलादपूरच्या कातळाचा चुलतभाऊ ठरतो. रायगडला गुजरातची माती काही परकी नाही. पेणचे गणपती ज्या शाडूचे घडतात तीही भावनगरकडून येते.

इतर पर्याय थोडक्यात. लाकडाच्या गोळ्या भिजून भुसा होतात आणि चाळणीचा हिशेबच उलटतो: ओला भुसा खाली गळतो, कोरड्या गोळ्या बाहेर जातात. सोयाबीनच्या चोथ्याचं टोफू लिटर गोळा धरतं, पण त्याच्या कांड्या यंत्राच्या चाळणीतून पडण्याइतक्या बारीक हव्यात. सिलिका जेलचे खडे गोळा धरत नाहीत, शिवाय कोकणच्या पावसाळ्यात ते हवेतलीच ओल पिऊन बसतात. तूस जाळून उरते ती राखही मुख्यतः सिलिकाच, म्हणजे गावच्या मांजराची जुनी सोय या खड्यांची जवळची नातलग. यंत्राला मात्र दोन्ही निरुपयोगी.

तेव्हा सोडियम बेंटोनाइट, बारीक दाण्याचं, कमी धुळीचं आणि वास न घातलेलं. जून ते सप्टेंबर पिशवी उघडी ठेवू नये, घट्ट झाकणाच्या डब्यात ओतावी. कॅल्शियमच्या मातीवर सोडा ॲशची प्रक्रिया करून तिला सोडियमची करतात. तिचा दर्जा प्रत्येक कारखान्यात सारखा नसतो, म्हणून यंत्रात ओतण्याआधी पारख करावी. वाटीत तीन बोटं जाडीचं लिटर घ्यावं, मधोमध दोन चमचे पाणी ओतावं, पंधरा मिनिटं थांबावं आणि गोळा चमच्याने उचलावा. अखंड निघाला आणि तळ कोरडा राहिला, तर ते फिरत्या यंत्रात चालतं. बोटाला चिखल लागला किंवा गोळा वाटीला चिकटला, तर तीच माती यंत्राच्या ड्रमलाही चिकटेल. ती साध्या ट्रेसाठी ठेवावी. वापरलेले गोळे संडासात टाकू नयेत, कारण नळीतही ते फुगतातच.