टाटा विंगर कार्गो की फोर्स ट्रॅव्हलर डिलिव्हरी व्हॅन? धंद्यासाठी गाडी घेण्याआधी हे वाचा

एरवी आपण इथे फोन आणि ॲप्सबद्दल बोलतो, पण आज विषय जरा मोठा आहे, अगदी दीड टनाचा. कऱ्हाडला राहणाऱ्या माझ्या मावसभावाने मागच्या महिन्यात मला दोन गाड्यांचे ब्रोशर व्हॉट्सॲपवर पाठवले आणि खाली लिहिलं, "दादा, तू इंजिनिअर आहेस ना, सांग कुठली घेऊ." मी सॉफ्टवेअरवाला, पण हे त्याला कोण समजावणार? डाउन पेमेंटसाठी मावशीची एफडी मोडायची होती, त्यामुळे अंदाजपंचे उत्तर देऊन चालणार नव्हतं. म्हणून नीट अभ्यास केला. तोच तुमच्यासाठी इथे मांडतोय.

दोन्ही गाड्यांची थोडक्यात ओळख

फोर्स मोटर्स म्हणजे पूर्वीची बजाज टेम्पो. कंपनी १९५८ ची, मुख्यालय पुण्यात आकुर्डीला. आपण छोट्या मालगाडीला सरसकट 'टेम्पो' म्हणतो, तो शब्द याच नावातून आला. ट्रॅव्हलरचं मूळ मर्सिडीजच्या टी-१ व्हॅनमध्ये आहे आणि ती १९८७ पासून आपल्या रस्त्यांवर आहे. टाटा विंगर २००७ मध्ये आली, तिचं मूळ रेनॉच्या पहिल्या पिढीच्या ट्रॅफिक व्हॅनमध्ये आहे. मालासाठीची विंगर कार्गो २०२२ मध्ये बाजारात आली. म्हणजे दोन्ही युरोपियन पाहुण्या, पण आता पक्क्या इथल्या झालेल्या.

कागदावरचे आकडे असे: विंगर कार्गोला २.२ लिटर डिझेल इंजिन, १०० हॉर्सपॉवर आणि २०० न्यूटन-मीटर टॉर्क. ट्रॅव्हलरला २.६ लिटर डिझेल, ११५ हॉर्सपॉवर आणि ३५० न्यूटन-मीटर टॉर्क. पॉवरमध्ये फरक थोडा, टॉर्कमध्ये मात्र जवळजवळ पावणेदोन पट. भरलेली गाडी चढावर उभी राहिली आणि पुन्हा उचलायची असेल, तेव्हा हा टॉर्क कामाला येतो. सपाट हायवेवर तो फारसा जाणवतही नाही.

आधी माल मोजा, मग गाडी बघा

बहुतेक जण इथेच चुकतात. 'किती टन घेते?' हा एकच प्रश्न विचारतात. खरं तर दोन मर्यादा असतात: वजन आणि जागा. यातली कुठली आधी संपते, ते तुमच्या मालावर ठरतं.

विंगर कार्गोचं उदाहरण घेऊ. मागचा कप्पा ३२४० मिमी लांब, १६४० मिमी रुंद, १९०० मिमी उंच. फोनच्या कॅल्क्युलेटरवर गुणाकार केला तर साधारण १० घनमीटर जागा येते. वजनाची क्षमता १६८० किलो. भागाकार करा: घनमीटरला साधारण १६६ किलो. तुमचा माल यापेक्षा हलका असेल (पाव, खारी, चिवडा, ऑनलाइन पार्सल) तर आधी जागा भरेल आणि जास्त टनेजचे पैसे वाया जातील. जड असेल (फरशी, पाण्याचे जार, तेलाचे डबे) तर गाडी अर्धी रिकामी दिसत असतानाच वजनाची मर्यादा गाठलेली असेल. ट्रॅव्हलर वेगवेगळ्या व्हीलबेसमध्ये मिळते, त्यामुळे तुम्ही जी लांबी घेणार तिचेच आकडे घेऊन हाच हिशोब करा. आणि हो, ड्रायव्हर आणि हेल्परचं वजनही क्षमतेतून वजा करायचं असतं. हे सेल्समन सहसा सांगत नाही.

पुढची चाकं की मागची?

माझ्या मते खरा फरक इथे आहे. विंगर फ्रंट-व्हील ड्राइव्ह, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते. ट्रॅव्हलरमध्ये ती मागच्या चाकांना जाते.

विंगरच्या पोटाखालून मागे जाणारा प्रोपेलर शाफ्ट नाही, त्यामुळे फ्लोअर खाली ठेवता येतो. दिवसातून चाळीस वेळा क्रेट चढवणाऱ्या पोराच्या कमरेला विचारा, याची किंमत काय असते. बॉडी मोनोकॉक, पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र, म्हणून चालवायला बरीचशी कारसारखी वाटते.

पण चढावर गणित उलटं होतं. माल मागे, चढामुळे वजन आणखी मागे सरकतं आणि पुढची चाकं हलकी पडतात. रस्ता ओला असेल तर तीच चाकं जागेवर फिरू शकतात. ट्रॅव्हलरमध्ये मागचं वजन नेमकं ओढणाऱ्या चाकांवर बसतं, म्हणून भरलेल्या गाडीला पकड चांगली. रिकाम्या गाडीत मात्र पुन्हा उलट: विंगरच्या पुढच्या चाकांवर इंजिनचं वजन कायम असतं, तर रिकाम्या ट्रॅव्हलरची मागची चाकं ओल्या रस्त्यावर पकड लवकर सोडू शकतात.

आता भावाचा रूट बघा. कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला बेकरीचा माल, म्हणजे उतारावर हलकं वजन. परत येताना वर्षभर रिकामे क्रेट. फक्त एप्रिल-मे मध्ये आंबा. २४ किलोची एक पेटी धरली तर ६० पेट्यांचे १४४० किलो, दोन माणसांचे १५० मिळवून १५९० किलो. विंगरच्या मर्यादेत बसतं, आणि त्या दिवसांत घाट बहुतेक कोरडा असतो. धुवाधार पावसाळ्यात तो घाट रिकामा चढणार, म्हणजे विंगरचीच बाजू. त्याला मात्र १०० पेट्या आणायच्या होत्या! ते २४०० किलो होतात, भाऊ. ओव्हरलोड गाडीचे ब्रेक घाटात तापले की कुठलाच ब्रँड मदतीला येत नाही.

पैसे आणि कागदपत्रं

१० टक्के व्याजाने ५ वर्षांसाठी १२ लाखांचं कर्ज धरलं तर हप्ता साधारण २५,५०० रुपये. महिन्यात २५ दिवस गाडी चालली तर रोजचे हजारेक रुपये आधी हप्त्याला बाजूला काढायचे. दोन गाड्यांच्या ऑन-रोड किमतीत जो फरक येईल, त्यातल्या प्रत्येक लाखामागे हप्ता सुमारे २,१२५ रुपयांनी वाढतो. जास्त टॉर्क तेवढी जास्तीची कमाई करून देणार असेल तरच घ्या.

गाडी पिवळ्या नंबर प्लेटचीच हवी. पांढऱ्या प्लेटवर भाड्याचा माल वाहिलात आणि अपघात झाला तर विम्याचा क्लेम अडकू शकतो. फिटनेस सर्टिफिकेट पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी. लायसन्सबद्दल चांगली बातमी: ७५०० किलोपेक्षा कमी एकूण वजनाची मालवाहू गाडी साध्या एलएमव्ही लायसन्सवर चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. जुनी गाडी बघत असाल तर एम-परिवहन ॲपवर नंबर टाकून फिटनेस, विमा आणि कर्जाची नोंद आधी तपासा.

टेस्ट ड्राइव्ह रिकाम्या गाडीची घेऊ नका. भावाने शोरूमवाल्याला गळ घालून वाळूची पोती भरायला लावली आणि जवळच्या चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलून बघितली. मग विंगर बुक केली. ६० पेट्यांवर तो अजून कुरकुरतोय, पण जास्तीच्या पेट्यांसाठी सीझनमध्ये दोन महिने भाड्याचा टेम्पो लावायचं मावशीने परस्पर ठरवून टाकलंय.