हयातीचा दाखला

1875 साली मुरूडचा एक मुलगा कुंभार्ली घाट चढून, भर पावसात शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्याला परीक्षेसाठी आला. परीक्षेला बसण्यासाठी वयाची सतरा वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते. मुलगा अंगाने लहानखुरा होता. परीक्षकांना तो सतरा वर्षांचा वाटेना, म्हणून त्याला परीक्षेला बसू न देताच परत पाठवण्यात आले. हा मुलगा म्हणजे धोंडो केशव कर्वे. साताऱ्यात ज्याचे वय कमी ठरले, तो पुढे एकशे चार वर्षे जगला. 1914 साली ते फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताच्या अध्यापनातून निवृत्त झाले तेव्हा त्यांचे वय 56 होते. त्यानंतरचे त्यांचे आयुष्य 48 वर्षांचे, म्हणजे नोकरीच्या 23 वर्षांच्या दुपटीहून अधिक!

रहिमतपूरला शिक्षकांच्या एका मेळाव्यात आम्ही ही गोष्ट सांगितली, तेव्हा मागच्या रांगेतील एका गुरुजींनी लगेच विचारले, "अहो, पण त्या काळी सरासरी आयुष्य पंचवीसच वर्षांचे होते ना?" प्रश्न रास्त होता. 1881 ते 1891 या दशकातील जनगणनेवरून काढलेले भारतीयांचे जन्मवेळचे आयुर्मान सुमारे 25 वर्षे येते. 1911 ते 1921 या दशकात, ज्यात 1918 ची इन्फ्लुएंझाची साथ येऊन गेली, ते 20 वर्षांच्या आसपास घसरले. मग तेव्हा पंचविशीतच सगळे म्हातारे होत होते काय? अर्थातच नाही. फळ्यावर एक सोपे गणित मांडावे. दहा मुले जन्मली. त्यांतील पाच दुसऱ्या वर्षीच देवाघरी गेली आणि उरलेली पाच शेहेचाळीस वर्षे जगली, तर सरासरी चोवीस येते. पण चोविसाव्या वर्षी मात्र एकही मेलेला नाही. सरासरी ही अशी फसवी असते. विसाव्या शतकाच्या आरंभी जो साठी गाठे, त्याला आणखी नऊ-दहा वर्षांची आशा होतीच. आज ती आशा अठरा वर्षांच्या घरात आहे आणि जन्मवेळचे आयुर्मान सुमारे 70 वर्षे आहे. म्हणजे वाढीचा मोठा भाग बालमृत्यू घटल्यामुळे आला. म्हातारपण लांबले ते त्या मानाने थोडेच. पण ज्याला ते जगायचे आहे, त्याच्या दृष्टीने ही थोडी वाढही दुप्पट भरते.

1896 साली मुंबईत गाठीचा प्लेग आला आणि पुढील काही वर्षांत तो दख्खनभर पसरला. सातारा जिल्ह्यातील नायगावच्या सावित्रीबाई फुले रोग्यांची सेवा करीत असताना 10 मार्च 1897 रोजी पुण्यात प्लेगनेच गेल्या. लोक गावे ओस टाकून माळावर झोपड्या बांधून राहत. अशा काळात घरच्या कर्त्या माणसाला भीती वाटे ती आपण अवेळी गेलो तर मागे राहणाऱ्यांचे काय होईल याची. विशेषतः पत्नीचे. कर्व्यांनी 1896 साली अनाथ बालिकाश्रम काढला, तो या 'मागे राहिलेल्यां'साठीच.

अवेळी मरणावरचा गणिती उपाय तोवर निघालेला होता. एडमंड हॅले, धूमकेतूवाले, यांनी 1693 साली ब्रेस्लाऊ शहरातील जन्ममृत्यूच्या नोंदींवरून एक तक्ता तयार केला. एक वर्षाच्या 1000 मुलांपैकी विसाव्या वर्षी 598, चाळिसाव्या वर्षी 445 आणि साठाव्या वर्षी 242 उरतात, असे त्यात दिसते. एक माणूस कधी मरेल हे कोणीही सांगू शकत नाही, पण हजारांतील किती मरतील हे बऱ्यापैकी सांगता येते. समजा, तिशीतील 1000 माणसांपैकी वर्षाला 10 मरतात आणि प्रत्येकाच्या घरी 1000 रुपये द्यायचे आहेत. लागणारे 10,000 रुपये हजार जणांत वाटले की प्रत्येकाच्या वाट्याला 10 रुपये येतात. कंपनीचा खर्च आणि व्याज सोडले तर विम्याचा हप्ता तो हाच.

आपल्याकडे विमा आला तो युरोपियनांसाठी. हिंदी माणसाला विमा द्यायचाच झाला तर जादा हप्ता घेतला जाई. कारण वरवर शास्त्रीय वाटते: देशाचे आयुर्मान कमी. पण इथेही सरासरीच फसवते. विमा उतरवणारा कारकून, वकील किंवा मास्तर हा प्रौढ, बालपणाच्या धोक्यातून सुटलेला आणि दोन वेळचे खाऊन असणारा. त्याला साऱ्या देशाच्या सरासरीने मोजणे हा गणिताचा गैरवापर होता. बॉम्बे म्युच्युअल आणि 1874 सालची ओरिएंटल या मुंबईच्या संस्थांनी हिंदी लोकांचे विमे नेहमीच्या दराने उतरवायला सुरुवात केली, तेव्हा ही चूक सुधारू लागली. 1912 साली विमा कंपन्यांचा पहिला कायदा झाला आणि हिशेब विमागणितज्ञाकडून तपासून घेणे बंधनकारक झाले. लगेच पुढच्या वर्षी, 1913 साली, अण्णासाहेब चिरमुले यांनी साताऱ्यात वेस्टर्न इंडिया लाइफ इन्शुरन्स कंपनी काढली. मुंबई-पुणे सोडून एका जिल्ह्याच्या गावी ही कंपनी उभी राहिली, हे आम्हाला विशेष वाटते. 19 जानेवारी 1956 च्या वटहुकुमाने आयुर्विम्याचा कारभार सरकारने ताब्यात घेतला. अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. त्याच वर्षी 1 सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ सुरू झाले आणि साताऱ्याची कंपनी त्यात विलीन झाली.

इथवरचा इतिहास अवेळी मरणाच्या भीतीचा. गंमत अशी की हॅलेंचा तक्ता मूळचा विम्यासाठी नव्हताच. इंग्लंडचे सरकार त्या काळी लोकांकडून एकरकमी पैसे घेऊन तहहयात वार्षिक रक्कम देई आणि ती देताना घेणाऱ्याचे वय पाहत नसे. दहा वर्षांच्या पोराला जो दर, तोच सत्तरीच्या म्हाताऱ्याला. हॅलेंनी हा वेडेपणा दाखवून दिला. म्हणजे या गणिताचा जन्म मुळात दीर्घायुष्याची किंमत काढण्यासाठी झाला.

विमा आणि निवृत्तिवेतन ही एकाच तक्त्याची दोन टोके आहेत. विम्यात लवकर जाणाऱ्याचे घर उशिरा जाणाऱ्यांच्या हप्त्यांवर चालते. निवृत्तिवेतनात याच्या उलट, लवकर जाणाऱ्यांचे शिल्लक पैसे उशिरा जाणाऱ्यांना पुरवले जातात. महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 नंतर नेमलेल्या शिक्षकांना जुनी निवृत्तिवेतन योजना बंद झाली आणि ठरावीक अंशदानाची योजना आली. त्यामुळे एकाच शिक्षकखोलीत दोन प्रकारचे शिक्षक बसू लागले. एकाच्या दीर्घायुष्याचा धोका सरकारने उचललेला, दुसऱ्याचा बराचसा त्याच्या स्वतःच्या पुंजीवर. मार्च 2023 मध्ये राज्यातील कर्मचारी आणि शिक्षक संपावर गेले ते यासाठीच. त्या वादात आम्ही पडत नाही, पण हिशेब मुलांनाही करता यावा. महागाई दरसाल 6 टक्के धरली तर 12 वर्षांत किमती दुप्पट होतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त झालेला शिक्षक ब्याऐंशीचा होईपर्यंत त्या चौपट झालेल्या असतील. महागाई भत्ता असेल तर ठीक; ठरावीक रक्कम मिळणार असेल तर तिची खरेदीशक्ती एक चतुर्थांश उरते.

पैशाइतकेच हे शरीरालाही लागू आहे. हाडांतील खनिजांची ठेव तिशीच्या सुमारास सर्वांत जास्त असते. पुढे ती खर्ची पडते, स्त्रियांत पाळी थांबल्यावर अधिक वेगाने. स्नायूही चाळिशीपासून हळूहळू घटतात. फरक इतकाच की स्नायूंच्या खात्यात सत्तरीतही भरणा करता येतो, आणि तो वजन उचलून व चालूनच होतो. पूर्वी माणसे पटकी, देवी, हिवताप यांनी झटपट जात. आता मधुमेह आणि रक्तदाब वीस-वीस वर्षे सोबत राहतात आणि त्यांचा खर्च नेमका उत्पन्न थांबल्यावर सुरू होतो. कर्व्यांनी 1936 साली, म्हणजे वयाच्या 78 व्या वर्षी, खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठी नवी संस्था काढली आणि तिच्यासाठी वर्गणी गोळा करत ते पायी हिंडले.

इयत्ता नववीच्या वर्गाला एक पाहणी करायला द्यावी. प्रत्येकाने आपल्या घरातील मागील तीन पिढ्यांतील व्यक्ती किती वर्षे जगल्या हे विचारून आणावे. लहानपणी गेलेली भावंडे वगळू देऊ नयेत. घरातली माणसे नेमकी तीच वगळतात. मग सरासरी दोनदा काढावी: एकदा सर्वांची, एकदा साठी ओलांडलेल्यांची. मेळाव्यात प्रश्न विचारणाऱ्या गुरुजींनी ही पाहणी आपल्या वर्गात घेण्याचे कबूल केले. निघताना ते म्हणाले, "विम्याचे पैसे मिळायला मृत्यूचा दाखला लागतो. आमच्या वडिलांना मात्र दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो. यंदाचा चोविसावा."