घडीतले गणित

दिवाळी जवळ आली की आकाशकंदिलासाठी घरोघरी रंगीत कागद येतो. उरलेले कपटे मुलांच्या वाट्याला जातात आणि त्यांच्या होड्या, टोप्या, भिंगऱ्या होतात. इतिहासाची साधने म्हणून या वस्तूंकडे कोणी पाहत नाही. पाहणार तरी कसे? ताम्रपट टिकतो, कागदाची होडी पहिल्याच पागोळीत विरते. तरीही या क्षणभंगुर खेळाला इतिहास आहे, आणि त्यात आपल्याकडील एका गृहस्थाला मानाचे पान आहे, असे मी म्हटले तर वाचकांनी ते थट्टेवारी नेऊ नये.

जर्मनीतील फ्रीड्रिख फ्रोबेल (१७८२-१८५२) याने १८४० साली आपल्या बालशाळेला ‘किंडरगार्टन’, म्हणजे मुलांची बाग, असे नाव दिले. चेंडू आणि ठोकळे यांच्या जोडीला त्याने कागदाच्या घड्या घालणे, कागद विणणे, कातरणे हीही कामे मुलांच्या हाती दिली. हात जे करतो ते मनाला उमगते, ही त्याची श्रद्धा. प्रशियाच्या सरकारला मात्र या बागेत नास्तिकपणाचा आणि समाजवादाचा वास आला व १८५१ मध्ये तिच्यावर बंदी आली. ती १८६० मध्ये उठली, तेव्हा फ्रोबेल हयात नव्हता. बाग मात्र देशोदेशी पसरली. जपानात तर कागदी क्रौंचाच्या घड्यांवर १७९७ सालीच पुस्तक निघाले होते. १८७६ मध्ये टोकियोत बालोद्यान सुरू झाले आणि तिथल्या घरगुती घड्यांना या परक्या घड्या येऊन मिळाल्या.

फ्रोबेलच्या साहित्यातील घड्यांचा संच मद्रास इलाख्यातील टी. सुंदर राव यांच्या पाहण्यात आला. त्यात दोनशे रंगीत चौकोनी कागद असत. दुसऱ्या कोणी ते घरातल्या मुलाला देऊन टाकले असते. सुंदर रावांनी त्यांवरून घड्यांच्या भूमितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि १८९३ साली ते मद्रासमध्ये छापले गेले. चौरसापासून आरंभ करून ते पंचकोनावरून थेट शांकव वक्रांपर्यंत पोहोचते. फेलिक्स क्लाइन या थोर जर्मन गणितज्ञाने आपल्या व्याख्यानांत त्याचा उल्लेख केला आणि १९०१ मध्ये शिकागोहून त्याची अमेरिकन आवृत्ती निघाली.

त्यातला एक गंमतीचा प्रकार घरी करून पाहावा. वर्तमानपत्राच्या पानाचा एक कोपरा असा दुमडा की आखूड कड लांब कडेवर नेमकी बसेल. उरलेली पट्टी फाडली की चौरस मिळतो. तो मधोमध उभा दुमडून उलगडा. आता खालचा डावा कोपरा जागीच ठेवून उजवा कोपरा उचला आणि मधल्या घडीवर टेकवा. तो जिथे टेकला तिथे खूण करा. ती खूण आणि खालचे दोन कोपरे मिळून समभुज त्रिकोण होतो. कंपास नाही, कोनमापक नाही. ‘असे का झाले?’ हे मुलालाच विचारावे आणि उत्तराची घाई करू नये.

पोरखेळ म्हणून ज्याची हेटाळणी होते त्याचे बळ पुढे आणखी दिसले. दिलेल्या घनाच्या दुप्पट आकारमानाचा घन पट्टी आणि कंपास यांनी काढता येत नाही. तो घड्यांनी साधतो, हे मार्गेरिता बेलोक या इटालियन विदुषीने १९३६ साली दाखविले.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला १९४५ पासून व पुढे कोसबाडला पाने, बिया, खडे यांतूनच बालशिक्षणाची साधने उभी केली. महागड्या पेटीवाचून शिक्षण अडत नाही, हे त्यांनी कृतीने सिद्ध केले. आज घडीकामाचेही तयार संच विकत मिळतात. कुठे दुमडायचे तेही त्यांवर छापलेले असते. मला त्यांची धास्ती वाटते. छापील रेघेवर दुमडलेल्या कागदातून होडी निघेल, प्रश्न निघणार नाही. यंदा कंदिलाचे कपटे उरतील, ते मुलांपुढे तसेच कोरे ठेवावेत आणि आपणही शेजारी मांडी घालून बसावे.