अँटिबायोटिक दिल्यावर बाळाच्या अंगावर पुरळ आलं तर?

बाळाला ताप-कफ झाला, डॉक्टरांनी अँटिबायोटिकचं सिरप दिलं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी पोटावर, पाठीवर लाल ठिपके उठले. मग घरात प्रत्येकाचं मत वेगळं. दादी म्हणते नजर लागली, खाला म्हणते औषध गरम पडलं, कोणाला गोवर वाटतो. आम्ही शिक्षक आहोत, डॉक्टर नाही. पण घरच्यांना काय माहीत असावं, ते इथे एकत्र लिहीत आहोत.

लहान मुलांना नेहमी दिलं जाणारं अँटिबायोटिक म्हणजे अमॉक्सिसिलिन. ते पेनिसिलिनच्या घराण्यातलं आहे. (पेनिसिलिन बनवणारी हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी १९५४ साली आपल्याच जिल्ह्यात, पिंपरीला सुरू झाली.)

पहिला प्रश्न वेळेचा. डोस दिल्यापासून काही मिनिटांत किंवा तासा-दोन तासांत गांधी उठल्या, ओठ-डोळे सुजले, आवाज बसला, श्वासाला घरघर लागली, पुरळासोबत सारख्या उलट्या झाल्या किंवा बाळ एकदम मलूल, फिकट पडलं, तर ती खरी घाई. पुढचा डोस देऊ नका, १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने जवळचं मोठं रुग्णालय गाठा. अशा वेळी जीव वाचवणारं औषध म्हणजे मांडीत दिलं जाणारं ॲड्रिनॅलिनचं इंजेक्शन. दुआ जरूर करा, पण वाटेत गाडीत. खाजेचं सिरप स्वतःहून पाजत बसू नका. त्यातलं प्रोमेथाझिन तर दोन वर्षांखालच्या बाळाला देतच नाहीत.

काही दिवसांनी आलेले सपाट लाल ठिपके आणि खेळतं, दूध पिणारं बाळ, हे चित्र वेगळं. बऱ्याचदा ते पुरळ मुळात त्या विषाणूचंच असतं, ज्यामुळे ताप आला होता. तरी औषध चालू ठेवायचं की थांबवायचं, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. फोड आले, कातडी सोलू लागली, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा झाल्या तर मात्र थांबू नका. नुसते जुलाब झाले तर ती बहुतेक वेळा ॲलर्जी नसते. आणि "मागच्या वेळी तर हेच औषध चाललं होतं" यावर विसंबू नका, ॲलर्जी दुसऱ्या-तिसऱ्या वेळेसही उठते.

आता जी गोष्ट आपल्याकडे हमखास राहून जाते, ती. शाळेत ॲलर्जीबद्दल विचारलं की काही पालक लगेच सांगतात, "याला पेनिसिलिन चालत नाही." कधी काय झालं होतं, ते कोणालाच आठवत नाही. असा शिक्का बसलेल्या मुलांची तज्ज्ञांनी तपासणी केली, तर दहातल्या नऊहून जास्त मुलांना ते औषध चालतं. शिक्का मात्र तसाच राहतो आणि पुढे न्यूमोनिया झाला की डॉक्टरांना साधं औषध सोडून दुसरं शोधावं लागतं. ही तपासणी रुग्णालयातच करायची असते. घरी "थोडंसं देऊन बघू" हा प्रयोग कधीच नको.

आपल्याकडे सासर शिरूरला आणि माहेर दौंडला, असं सर्रास असतं. औषध शिरूरच्या डॉक्टरांचं, पुरळ दौंडला नानीकडे उठतं, आणि चिठ्ठी मात्र न्हावरा-चौफुल्याच्या पलीकडे घरी राहिलेली. म्हणून बाटलीच्या लेबलचा आणि पुरळाचा फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवा. लसीकरण कार्डासोबतच्या कागदावर लिहा: औषधाचं नाव, कितवा दिवस, शेवटच्या डोसनंतर किती वेळाने, काय दिसलं, ताप होता का, किती दिवसांत गेलं. बाटली फेकू नका, डॉक्टरांना दाखवा.

औषधाच्या दुष्परिणामाची नोंद सरकारकडेही करता येते, पालकांनासुद्धा. त्यासाठीचा मोफत नंबर १८००-१८०-३०२४.